घर-अंगण : गाईला घास घालताना



या सदरात आपण लोणची घातली, गाद्या उसवून पुन्हा भरल्या, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांतल्या डब्यांची चर्चा केली. आज मात्र मी तुम्हांला मागच्या अंगणात, गोठ्यात नेणार आहे. "आम्हां गावात राहणाऱ्या बायकांना गोठ्याशी काय कर्तव्य?" असं कुणी म्हणेल. पण आमच्या खामगावात काय किंवा चिखली-मेहकरात काय, घरामागे एखादी गाय नाहीतर म्हैस बांधलेली घरं अजून आहेत. ज्यांच्याकडे नाही त्याही सकाळी दारात आलेल्या गाईपुढे शिळी पोळी ठेवतात. आणि दूध तर आपण सगळ्याच घेतो. तेव्हा गाय काय खाते आणि ते तिला कसं पचतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. मला ते ठाऊक नव्हतं. त्याची किंमत आमच्या चंद्रीनं मोजली. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचावंसं वाटेल.

चंद्री आमची संकरित गाय, सासूबाईंची लाडकी. दोन वेळचं मिळून आठ लिटर दूध द्यायची. घरापुरतं ठेवून बाकीचा रतीब शेजारच्या चार घरी जायचा, आणि त्या पैशांतून थोरलीच्या शिकवणीची फी निघायची. माझी अर्धवेळ शिक्षिकेची नोकरी, सुट्टीत पगार नाही. त्यामुळे चंद्रीचा पैसा हा आमच्या घरातला खात्रीचा पैसा होता.

नणंदेचा साखरपुडा घरीच केला. पाहुणे कमी आले आणि अन्न उरलं. भात, पुऱ्या, बुंदी. अन्न टाकवेना. अर्धं शेजारीपाजारी वाटलं, तरी भाताचं पातेलं शिल्लक राहिलंच. मनात आलं, आज घरात मंगलकार्य, गाईनेही पोटभर गोड खावं. सासूबाई पाहुण्यांना पोचवायला गेल्या होत्या. मी चंद्रीपुढे दोन घमेली भात-पुऱ्या ठेवल्या, वरून बुंदी घातली. तिनं मिटक्या मारीत सगळं संपवलं. मला किती समाधान वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कडब्याला तोंड लावलं नाही. रवंथ बंद. डावी कूस ताणलेली, दाबली तर मळलेल्या कणकेसारखी लागत होती. शेण पातळ, त्याला आंबूस वास. दूध अर्धा लिटरही निघालं नाही. दुपारपर्यंत चालताना झोकांड्या देऊ लागली आणि तीनच्या सुमारास खाली बसली ती उठेना.

सासूबाईंनी एकदा गाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काय चारलं व बाई तिले?"

"भात," मी म्हटलं.

"किती?"

मी घमेल्याकडे बोट दाखवलं. त्या मटकन ओट्यावर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

डॉक्टर आले. सलाईन लावलं, शिरेतून आणि पोटातून सोडा दिला, इंजेक्शनं दिली. रात्री पुन्हा आले. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून घेतला आणि तो पाण्यात कालवून चंद्रीला पाजला. मी चकित होऊन बघत राहिले. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या गाईच्या पोटातलं विरजण मेलंय. शेजारणीकडून विरजण आणतो तसं हे आणलं."

तिसऱ्या दिवशी चंद्री उभी राहिली. जीव वाचला. पण दोन आठवड्यांनी ती लंगडू लागली. पोटातल्या त्या आंबण्याचा परिणाम खुरांपर्यंत पोचतो म्हणे. दूध त्या वेतात पाच लिटरच्या वर गेलं नाही. माझ्या दोन घमेल्यांच्या मायेचा हा हिशेब. डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

पोट एक, कप्पे चार

आपलं पोट म्हणजे एक पिशवी. गाई-म्हशींच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा, त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरहून अधिक मावेल एवढं असतं. म्हणजे पाण्याच्या पाच-सहा घागरी! ते डाव्या बाजूला असतं, म्हणून पोट फुगलं की डावी कूस वर येते. दुसरा कप्पा जाळीपोट. त्याला आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असते. तिसरा पडदेपोट, आत पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात, तिथं अन्नातलं पाणी शोषलं जातं. चौथं ते खरं पोट, आपल्यासारखं. पाचकरस तिथंच सुटतात.

गाय चारा घाईघाईने गिळते आणि कोटीपोटात साठवते. मग निवांत बसून तो घासाघासाने पुन्हा तोंडात आणते आणि बारीक चावते. हेच रवंथ. निरोगी गाय दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते. आपल्याला वाटतं ती आराम करतेय. खरं तर तेव्हा तिचा कारखाना चालू असतो.

हा कारखाना चालवतात कोट्यवधी सूक्ष्म जीव. गवत, कडबा, कुटार यांतला काष्ठमय भाग आपल्याला पचत नाही. गाईच्या स्वतःच्या पाचकरसालाही पचत नाही. तो पचवतात हे जीव. कोटीपोटात ऊब असते, ओल असते, हवा नसते. आपण इडलीचं पीठ आंबवायला उबेत ठेवतो, तसंच ते आंबवण्याचं काम चोवीस तास चालतं. त्यातून आम्लं तयार होतात, आणि ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. गाईची बहुतेक शक्ती या आम्लांतूनच येते. वायूही तयार होतो. तो ती ढेकरांवाटे बाहेर टाकते. ढेकर अडली की पोटफुगी.

आणि शेवटी हे जीव स्वतःच पुढच्या कप्प्यांत वाहत जातात आणि चौथ्या पोटात पचतात. गाईला उत्तम प्रथिनं मिळतात ती अशी. म्हणून डॉक्टर म्हणतात, आपण गाईला चारत नाही, तिच्या पोटातल्या जिवांना चारतो. ते गाईला चारतात.

दुधावरची साय कुठून येते?

आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न! आपल्याला वाटतं, ढेप भरपूर घातली की साय जाड येते. ते अर्धंच खरं आहे. कडबा, कुटार, गवत यांसारखा धाग्याचा चारा आंबला की त्यातून मुख्यतः व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल तयार होतं, आणि त्यापासून कासेत स्निग्धांश बनतो. धान्यापासून दुसरं एक आम्ल जास्त तयार होतं. त्यापासून साखर बनते आणि दुधाचं प्रमाण वाढतं. म्हणजे दूध वाढवायला धान्य, साय जमायला कडबा. कडबा तोडून नुसता भरडा वाढवला की दूध थोडं वाढेल, पण डेअरीवर फॅट उतरेल आणि घरी साय पातळ होईल.

आता चंद्रीचं काय झालं ते सहज कळेल. भात, पुऱ्या, बुंदी, ब्रेड हे शिजलेले पिष्टाचे पदार्थ कोटीपोटात फार झपाट्याने आंबतात. नेहमीच्या आम्लांऐवजी दही आंबट करणारं आम्ल भराभर साठतं. चारा पचवणारे जीव त्या आंबटपणात मरतात. एरवी गाईची लाळ आंबटपणा मारते, कारण लाळेत खाण्याच्या सोड्याचाच गुण असतो. मोठ्या दुभत्या गाईच्या तोंडातून दिवसाला शंभर लिटर वा त्याहून जास्त लाळ पोटात जाते. पण लाळ सुटते ती चावताना आणि रवंथ करताना. भाताला कसलं चावणं आणि कसला रवंथ! म्हणजे आंबटपणा वाढवणारं अन्न आत गेलं आणि तो मारणारी लाळ मात्र सुटलीच नाही. डॉक्टरांनी सोडा का दिला, ते मला तेव्हा उमगलं.

किती आणि काय?

साधारण चारशे किलो वजनाच्या, आठ लिटर दूध देणाऱ्या गाईचा दिवसाचा हिशेब असा धरावा:

हिरवा चारा १५ किलोच्या आसपास. मका, ज्वारी, संकरित नेपियर, लसूणघास, जे मिळेल ते.

वाळला चारा ५ ते ६ किलो; कडबा किंवा कुटार.

खुराक : अंगापुरता १ ते दीड किलो, आणि वर दर अडीच लिटर दुधामागे १ किलो. म्हणजे आठ लिटरला एकूण साडेचार किलोच्या आसपास. म्हशीचं दूध दाट, म्हणून तिला दर दोन लिटरमागे १ किलो. लसूणघासासारखा चांगला हिरवा चारा भरपूर असेल तर खुराक थोडा कमी चालतो.

खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम.

पाणी हवं तेवढं आणि हवं तेव्हा. दूध म्हणजे शंभरात पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी भाग पाणीच. वैशाखात गाईला दोनच वेळा बादली दाखवायची आणि दूध कमी झालं म्हणून ढेप वाढवायची, हा उलटा कारभार झाला.

घरी खुराक करायचा तर दहा किलोला हे प्रमाण घ्या : मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा साडेतीन किलो, सरकीची ढेप ३ किलो, तुरीची चुनी दीड किलो, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम. धान्य भरडूनच घालावं, पीठ करू नये. असा मिसळलेला खुराक करत असाल तर मीठ आणि खनिजं त्यातच आली; वेगळं द्यायचं राहिलं तर थोडंसंच.

खुराक एकदम पुढे ओतू नये. दोन-तीन वेळा विभागून द्यावा, आणि आधी थोडा कडबा टाकून मग खुराक द्यावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम : बदल हळूहळू करावा. कडब्यावरून कुटारावर, एका ढेपेवरून दुसऱ्या ढेपेवर जाताना दहा-पंधरा दिवस घ्यावेत; आज पाव भाग नवा, चार दिवसांनी अर्धा, असं करत. पोटातल्या जिवांची नवी फळी तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. सूनही नव्या घरात रुळायला वेळ घेतेच की!

आपल्या जिल्ह्याचा चारा

आमचं खामगाव कापसाचं गाव. जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, तोही कापसासाठीच. कापूस आला की सरकी आली, सरकी आली की ढेप आली. त्यामुळे वऱ्हाडातल्या गाई-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या सरकीच्या ढेपेवर पोसल्या. ढेपेत प्रथिनं चांगली असतात, तेलाचाही थोडा अंश असतो. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं एक द्रव्य असतं. मोठ्या जनावराचं कोटीपोट त्याचा बराच बंदोबस्त करतं. लहान वासराचं कोटीपोट तयारच झालेलं नसतं. म्हणून दूधपित्या वासराला सरकी किंवा सरकीची ढेप घालू नये.

दुसरी गोष्ट बुरशीची. पावसाळ्यात ओलसर कोपऱ्यात ठेवलेल्या ढेपेला, मक्याला, शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी धरते. एका जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते गाईच्या यकृताला बाधतंच, शिवाय त्याचा अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत दुधातल्या या विषाला किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा आहे, यावरून त्याची तीव्रता ओळखा. "माणसांना नको, गाईला घाला," असं म्हणून बुरशी आलेला ब्रेड किंवा पीठ गाईपुढे ठेवणाऱ्या मैत्रिणींनो, ते विष आपल्याच लेकरांच्या पेल्यात परत येऊ शकतं.

पोत्याखाली लाकडी फळ्या घाला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, महिन्याभराच्या वर ढेप भरून ठेवू नका.

आता कुटाराविषयी. गेल्या तीसेक वर्षांत आपल्याकडे ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. आता गोठ्यात असतं सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटार. ते वाईट नाही, पण नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर गाय ठेवू नये. त्यातल्या काड्या टणक असतात आणि पचायला जड जातात. त्यात कडबा किंवा मक्याचा हिरवा चारा मिसळावा. कडबा अखंड टाकला तर गाय पानं खाते आणि बुडखे पायाखाली तुडवते. म्हणून इंच-दीड इंचाची कुट्टी करावी. त्याहून भुगा करू नये. चावायला काही उरलं नाही तर रवंथ कमी, लाळ कमी, आणि पुन्हा आंबटपणा.

ज्वारीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवा. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली, किंवा कापणीनंतर बुडख्यांतून फुटलेले पोंगे, यांत जहाल विष असतं. आपल्याकडे "किराळ लागली" म्हणतात ती हीच. जनावर थोड्याच वेळात धापा टाकतं, थरथरतं, पडतं. ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय हिरवी चारू नये. किराळीवर औषध आहे, पण ते डॉक्टरांकडेच. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

एक अभिमानाची गोष्टही सांगते. पूर्णेच्या काठी, अकोला-अमरावती आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भुरकट रंगाची म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. २०२३ साली ती 'पूर्णाथडी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून देशाच्या नोंदीत गेली. आपल्या उन्हाला आणि आपल्या कुटाराला सरावलेली म्हैस ती. गोठा नव्याने करणाऱ्या भगिनींनी परप्रांतीच्या महागड्या जनावराकडे धावण्याआधी तिच्याकडे एकदा जरूर पाहावं.

स्वयंपाकघरातून काय द्यावं, काय देऊ नये

चालेल : मटाराच्या शेंगांची सालं, कोबी-फुलकोबीची पानं, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, कलिंगडाची सालं, मक्याच्या कणसांची पानं. सगळं स्वच्छ धुऊन, ताजं आणि बेताचं. एखादी पोळी किंवा भाकरीचा चतकोर, खुशाल.

टाळा : उरलेला भात, ब्रेड, पुऱ्या, गोडधोड यांचे ढीग. लग्नाच्या मांडवामागे पंगतीचं उरलेलं गाईंपुढे ओततात, तो पुण्याचा नव्हे, घाताचा प्रकार आहे. पोळ्याला बैलाला पुरणपोळी आणि वसुबारसेला गाईला नैवेद्य, तोही घासभरच. कांद्याची फोलपटं भरपूर नकोत. त्याने जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हिरवट, मोड आलेले बटाटे नकोत. अख्खा बटाटा किंवा आंब्याची कोय तर मुळीच नको, घशात अडकते.

आणि कृपा करून पिशवी गाठ मारून टाकू नका. गाय आतल्या सालींच्या वासाने पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, पुढे सरकत नाही. वर्षानुवर्षं कोटीपोटात गोळा होऊन बसतं आणि पोट भरलेलं असूनही गाय उपाशी मरते. पातळ पिशव्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण आपल्या हातातली गाठ आपणच सोडायची आहे. तशीच गोष्ट टाचण्या, खिळे, तारेचे तुकडे यांची. गाय चारा न निवडता गिळते. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते, आणि ते हृदयाच्या अगदी जवळ. तिथून तार टोचत टोचत हृदयापर्यंत पोचते. झाडलेला केर गव्हाणीजवळ कधी टाकू नये.

दुखणं वेळीच कसं ओळखावं?

रोज सकाळी पाच मिनिटं द्या. गाय निवांत बसलेली असताना रवंथ करते का? नाकपुडी ओलसर आहे का? शेण फार पातळ किंवा फार घट्ट नाही ना? त्यात न पचलेले दाणे दिसतात का? डाव्या कुशीच्या खळगीत मूठ दाबून धरा; दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट आल्यासारखं हाताला लागलं पाहिजे. तीच कोटीपोटाची हालचाल. हे मला आता डोळे मिटून जमतं, पण चंद्री आजारी पडण्याआधी मी कधी तिच्या कुशीला हात लावला नव्हता.

रवंथ बंद झाला, कूस फुगली किंवा गाय बसून उठेना, तर थांबू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. गाईनं काय खाल्लं आणि किती खाल्लं, ते लाजेखातर लपवू नका. मी "थोडासा भात" म्हणणार होते. सासूबाई शेजारी होत्या म्हणून खरं बोलले. डॉक्टर नंतर म्हणाले, नेमका अंदाज आला म्हणूनच औषधाचं प्रमाण ठरवता आलं. आणखी एक : गाईची मान वर करून नळीने किंवा बाटलीने जबरदस्तीने तेल-काढा ओतू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात गेलं तर नवाच आजार होतो.

पत्रांना उत्तरं

मेहकरच्या एक भगिनी विचारतात : "म्हैस नुकतीच व्याली. चीक पारडाला द्यावा की खरवस करावा?"

आधी पारडाला, मग खरवस! जन्मल्यापासून तासाभरात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, दोन-तीन वेळा मिळून. पारडू तीस किलोचं तर ३ लिटर. रोगाशी लढण्याची शक्ती त्याला चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची त्याच्या आतड्याची ताकद दिवसभरातच संपते. उरलेल्याचा खरवस करा, आम्हांलाही बोलवा.

नांदुऱ्याहून एकीनं लिहिलंय : "गाय आटली आहे, दूध नाही, मग खुराक कशाला?"

ताई, आटलेली गाय गाभण असेल तर शेवटच्या दोन महिन्यांतच पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं. या काळात चांगला चारा आणि रोज एक-दीड किलो खुराक द्या. पुढच्या वेताचं दूध याच दिवसांत ठरतं. दिवस भरलेल्या बाईला आपण "काम नाही तर जेवू नकोस" म्हणतो का?

आता निरोप घेण्याआधी एवढंच. आमच्या सासूबाई रोज स्वयंपाक झाला की पहिल्या भाकरीचा चतकोर तोडून चंद्रीला द्यायच्या. चतकोरच. नव्यानं लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, किती हात आखडून देतात! चंद्री बरी झाल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, "आई, तुम्ही तिला कधी जास्त का घातलं नाही?"

त्या कडबा तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाईले घास द्याचा असते व, पंगत नाई वाढाची."

चार कप्पे, आम्लं, सूक्ष्म जीव, एवढं सगळं मी नंतर शिकले; मुलांनाही शिकवते. पण त्या चतकोरात ते सगळं आधीच होतं. आता चतकोर मीच देते. चंद्री पुन्हा गाभण आहे. या वेळी कार्य निघालं तर उरलेल्या अन्नाचं काय करायचं, ते आधी ठरवलंय : आम्ही मोजूनच रांधणार.